बोकडाचा वास

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

मी बरा आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? काळी शेळी व्यायली का?

काम तसं सोपं आहे. हॉटेलांतलं खरकटं बंद टाकीत कुजवायचं आणि त्यात थोडीशी वीज सोडायची. त्या विजेच्या जोरावर आतले जंतू खरकट्याचं रसायन करतात. पुढे त्याचं म्हणे अत्तर बनतं! इथे मात्र त्याला थेट आपल्या बोकडाचा वास येतो. बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही, ऐसपैस प्रवास होतो.

सोमवारपासून मला तो वास येत नाही.

निवृत्त होताना म्हातारा फोरमन सांगून गेला होता, "वास आहे तोवर भिऊ नकोस. अचानक गेला, तर पळत सुट. टाकीतला विषारी वायू आधी नाक बधिर करतो, मग माणसाला आडवा करतो." वायू मोजायचं मीटर दुरुस्तीला गेलंय. सोबत्यांना विचारलं तर हसले. त्यांना कित्येक वर्षांत कसलाच वास आलेला नाही.

तू घाबरू नकोस, फक्त एक कर. हा कागद मी तीन दिवस खिशात ठेवून टाकीपाशी वावरलोय. तो नाकाशी धर. बोकडाचा वास आला, तर माझं नाक गेलंय. लगेच फोन कर, आहे त्या कपड्यांत घरी येतो.

पत्र पोचायला चार दिवस लागतील. तोवर टाकीच्या खोलीचं दार उघडं ठेवून उंबऱ्यातच उभा राहतो.

तुझा,
धाकटा