शेवटचा वाफा

मंगळवार, कुळगाव. रात्री जेवणानंतर.

सकाळी गाडीच्या चौथ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग पुन्हा पांढराच निघाला. बाकी तिघांचे चहाच्या रंगाचे, म्हणजे ठीक. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. टर्बोची गाडी, मालक रविवारी रेसला नेणार. अशीच पळवली तर पिस्टन वितळेल. कॅम्प दोनच्या गॅरेजमधला माझा पार्टनर हरेश एकच धरून बसलेला, "दीदी, इंजेक्टर ही खराब है." पेट्रोल फवारणारा तो इंजेक्टर पहिल्याचा काढून चौथ्याला लावून पाहिला. तरी पांढरा चौथाच. मग इतकी वर्षं मी शिकले काय?

चिडून दुपारीच घरी आले. बाबा मेथीला पाणी देत होते. मोटर फुल. पाटातलं पाणी पहिल्या वाफ्यांच्या तोंडावरून सुसाट पुढे, आणि शेवटचा वाफा तुडुंब. बघतच राहिले. हवाही अशीच धावत असणार, टोकाच्या चौथ्यात घुसत असणार. आणि पेट्रोल आम्ही चौघांना सारखंच देतोय.

तशीच परत गेले. लॅपटॉप गाडीला जोडून फक्त चौथ्याचं पेट्रोल थोडं वाढवलं, नवा प्लग घातला, अंबरनाथपर्यंत गाडी पळवून आणली. चहाचा रंग.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मग पाणी अडवायचंस ना."

"ते अडवता येत नाही बाबा. म्हणून त्याला खत जास्त घातलं."

पांढरा प्लग माझ्या खिशातच होता. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला. परत काही दिला नाही. खुरप्याशेजारी ठेवलाय.