सदतीस सालचं पान

३ मार्च
दादा गेला. झोपेतच. फोन त्याच्या परगावच्या ऑफिसातून आला. बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुस्तकात डोकं घातलं.

५ मार्च
हार घालायला ऑफिसने दादाचा ओळखपत्रावरचा फोटो पाठवलाय. आई म्हणाली, "हा त्यांचा साहेब. मला माझा पोरगा हवा, पुढचे दोन दात पडलेला."
कुठून आणू? अल्बममध्ये दादाच्या जागी भोकं आहेत. बारा वर्षांपूर्वी बाबांनी ब्लेड घेऊन त्याला सगळीकडून कापून काढलं. गुन्हा काय? बाबांनी संस्थाचालकाच्या मुलाचे गुण वाढवले होते आणि दादाने चौकशीत खरं ते सांगितलं. बाबांचं मुख्याध्यापकपद गेलं. माझ्या वाढदिवसाच्या फोटोत माझ्या खांद्यावर त्याचा नुसता पंजा उरलाय.

६ मार्च
हेच बाबा इतिहासाच्या तासाला दोन फोटो दाखवायचे. एकात रशियाचा हुकूमशहा आणि शेजारी त्याचा अधिकारी, कालव्याच्या काठी. दुसऱ्यात अधिकारी गायब — नुसतं पाणी. "फोटोतून पुसला म्हणून माणूस नव्हताच असं होत नाही, मुलांनो!" मी त्याच वर्गात होते. टाळ्या वाजवल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान...
कपाटभर पुस्तकं रशियावर. क्रांती, दुष्काळ, छावण्या. त्यातलं एक जाडजूड लाल तर बारा वर्षं वाचताहेत! जेवण झालं की तेच, आणि उघडणार सदतीस सालावरच — तिथे माणसं रातोरात नाहीशी होत होती ते साल. आई आणि मी हसायचो, "बाबांचं सदतीस काही सरत नाही!" आता हसू येत नाही. चीड येते.

९ मार्च
दिली! सगळी पुस्तकं रद्दीत दिली. बाबा डोळे तपासायला गेले होते, तेवढ्यात. लाल पुस्तक मी स्वतः पोत्यात टाकलं. कळू दे त्यांनाही.

१० मार्च
बाबांनी विचारलं, "लाल पुस्तक?" सांगितलं. वाटलं, ओरडतील. पण ते चपला न घालताच बाहेर पडले.
रद्दीच्या दुकानात सापडले. ढिगात बसून एकेक गठ्ठा सोडत होते. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, समजवा यांना. कालचा माल सकाळीच कारखान्यात गेला. एव्हाना लगदा झाला असेल."
घरी आणलं. पाय धुतले. टाचेतली काच काढली. पुस्तकासाठी एवढं, आणि मुलासाठी डोळ्यांत टिपूस नाही! हे मी त्यांच्या तोंडावर बोलले.

११ मार्च
बाबा बोलले. भिंतीकडे तोंड करून.
"सदतीसच्या पानात होता तो. सगळे तुकडे जपले होते. दात पडलेलाही. तिला द्यायचा होता गं... धीर होत नव्हता."
आई दारातच उभी होती.