कवळ्यांच्या खोलीतलं पाचवं गुपित

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकले होते, पण मान अवघडल्यामुळे अर्ध्यावरच थांबले. उरलेला अर्धा प्रत्यक्ष भेटीत.)

इकडे सगळे खुशाल आहेत. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, आणि धाकटा इतका बरा आहे की थोडा कमी बरा असता तर घरात शांतता नांदली असती. तुझी तब्येत कशी आहे? म्हणजे अगदी ठणठणीत आहेस ना? खोकला, चक्कर, छातीत धडधड असलं काही नाही ना? सहज विचारलं. पोहायला शिकवताना पाण्यात फार वेळ थांबत जाऊ नकोस. पोरं काय, बुडत बुडत शिकतातच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. या नव्या घराच्या भिंती इतक्या पातळ आहेत की फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं की आई स्वयंपाकघरातून "कोण गं?" विचारते. आणि मला जे सांगायचं आहे ते आईच्या कानांसाठी नाही. कान चांगले आहेत तिचे, पण त्यांना तोंड लगेच जोडलेलं आहे.

तर बातमी अशी की नव्या शाळेत मला मैत्रिणी मिळाल्या. सुरुवातीला मी सगळ्यांसाठी "ती नवी" होते, आता नुसती "नवी" आहे. "ती" गळून पडली म्हणजे मैत्री जमली, असं मी धरून चालले आहे. पहिली बत्तिशी. तिचे बाबा कवळ्या बनवतात. दाताचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात आणि हे त्यावरून दात घडवतात. दुसरी रेडिओ, हिला बंद करायचं बटण देवाने दिलेलंच नाही. तिसरी शंका. जाड चष्मा लावते आणि "आज सुट्टी आहे" असं फळ्यावर लिहिलं तरी "कशावरून?" विचारते. गेल्या शनिवारी बत्तिशीने आम्हा तिघींना रात्री तिच्या घरी राहायला बोलावलं. आईने आधी उलटतपासणी घेतली, पण ते लोक दात बनवतात म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. दात बनवणारी माणसं वाईट नसतात असा तिचा का कोण जाणे, पक्का समज आहे.

बत्तिशीच्या घरात सगळ्यात मोठी खोली म्हणजे तिच्या बाबांचा कारखाना, म्हणून अंथरुणं तिथेच घातली. मावशी, ती खोली तू बघायला हवी होतीस. (नको, बरंच झालं नाही बघितलीस.) तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. वरचे, खालचे, पूर्ण दातांचे, अर्ध्या दातांचे, एखाद्यात बिचारा एकच दात एकुलत्या एक मुलासारखा उभा. प्रत्येकाला ज्याच्या तोंडचा त्याच्या नावाची चिठ्ठी. दिवा चालू होता तोवर आम्हाला हसू येत होतं. दिवा घालवल्यावर खिडकीतून रस्त्याचा थोडा उजेड आला आणि सगळे दात तेवढे पांढरे दिसायला लागले. शेकडो माणसं आपल्याकडे बघून हसताहेत, आणि डोळे मात्र एकालाही नाहीत. रेडिओसुद्धा जरा हळू लागली.

आता रात्री एकत्र राहायचं म्हणजे गुपितं सांगायलाच हवीत. बत्तिशीने एक जबडा खाली काढला, आणि आम्ही एकेकीने त्याच्या दातांमध्ये बोट ठेवून शपथ घेतली की या खोलीतलं गुपित कुठल्याही जिवंत माणसाच्या कानावर घालणार नाही. प्लास्टर गार होतं. बोट बाहेर काढताना मला उगाचच वाटलं की जरा धरून ठेवलंय.

पहिली बत्तिशी. तिने एकदा तयार कवळी गंमत म्हणून स्वतःच्या तोंडात घालून पाहिली होती. कुणाची, तर आमच्या मुख्याध्यापकांची. आता ते शिस्तीवर भाषण करतात तेव्हा तिला ते शब्द अर्धे आपलेच वाटतात. शंकाचा चष्मा साध्या काचांचा निघाला, हुशार दिसावं म्हणून हट्टाने घेतलेला. रेडिओने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग म्हणाली की तिचे आईबाबा एकमेकांशी बोलतच नाहीत. "बाबांना सांग जेवण झालंय", "आईला सांग भूक नाही", अशी सगळी ने-आण हीच करते. घरात आवाज थांबला तर काहीतरी मोडेल असं तिला वाटतं, म्हणून ती बोलत राहते. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग माझी पाळी. इतक्या चांगल्या गुपितांनंतर नव्या माणसाने साधं गुपित काढून चालत नाही. म्हणून मी आवाज खोल करून सांगितलं की माझी एक जवळची नातेवाईक वारली आहे, पण ती रात्री येऊन माझ्या पायथ्याशी बसते आणि माझ्याशी पुष्कळ बोलते. (कोण नातेवाईक हा प्रश्न सध्या महत्त्वाचा नाही.) रंग चांगला भरला. शंकानेसुद्धा "कशावरून?" विचारलं नाही. खोली अगदी गप्प झाली.

आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "तिला विचारशील का, तिथे माझा दादा भेटला का?"

बारीक, कोरडा आवाज होता. बरेच दिवस न उघडलेलं कपाट उघडावं तसा. आधी मला वाटलं रेडिओ. रेडिओला वाटलं शंका. पण रेडिओने माझा हात धरून त्यात नखं रुतवली होती. शंका पुटपुटली, "आपण चौघी आहोत ना? गुपितं पाच कशी झाली?" बत्तिशीने विजेरीसाठी हात फिरवला, त्याचा धक्का लागून एक जबडा फळीवरून खाली आला आणि फुटला. आम्ही चौघींनी एकदम जी किंकाळी फोडली ती तुला तिकडेही ऐकू आली असेल.

दार उघडलं. विजेरीच्या उजेडात एक चेहरा दिसला. गाल आत गेलेले, ओठ तोंडात ओढलेले, तोंडाच्या जागी नुसती काळी पोकळी, आणि ती पोकळी म्हणाली, "काय झायं गं पोयींनो?" शंका अंथरुणात शिरली ती पायाकडून बाहेर आली. ते बत्तिशीचे बाबा होते, मावशी. गावाला दात वाटणारा माणूस स्वतः पार बोळका, आणि त्यांची कवळी उशाशी पेल्यात राहिली होती. बत्तिशीने हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, तेव्हा खरं तर ते सहावं गुपित. त्यांनी फुटलेला जबडा बघितला, कपाळाला हात लावला आणि "ओपा" (बहुधा "झोपा") म्हणून गेले.

झोप कसली येते. चौघी एका पांघरुणात, पाठीला पाठ लावून. बाकीच्या पहाटे पेंगल्या, मी मात्र टक्क जागी. खिडकीत पांढरं दिसायला लागलं तेव्हा तोच आवाज पुन्हा आला, या वेळी फक्त मला उद्देशून. "विचारलंस का?" मी पांघरूण डोक्यावरून ओढलं. आवाज थांबला, आणि मग मावशी, त्या आवाजाला शिंक आली. एक नाही, लागोपाठ. फुटलेल्या प्लास्टरची धूळ खोलीभर पसरली होती. शंका झोपेतच म्हणाली, "भुताला शिंक येते?" आणि मग खडबडून उठून बसली, कारण जन्मात पहिल्यांदा तिची शंका कामाची निघाली होती.

शिंक भिंतीच्या वरच्या अंगाला असलेल्या जाळीतून आली होती. आम्ही स्टुलावर स्टूल चढवलं. तिघींनी खालून धरलं आणि मी वर, कारण नवीच्या जिवाची किंमत अजून ठरायची होती. जाळीपलीकडे हवेसाठी ठेवलेली अरुंद पोकळी होती, आणि तिच्या समोरच्या बाजूला शेजारच्या घराची तशीच जाळी. मी विजेरी मारली. त्या जाळीत दोन डोळे होते. माझ्याकडेच बघत होते, न लवता. मग एक बोट वर आलं आणि ओठांवर टेकलं.

ती गप्पी होती. आमच्याच वर्गातली, शेवटच्या बाकावर खिडकीशी बसणारी. बाईंनी काही विचारलं की ती उत्तर लिहून दाखवते. मी आल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नाही, आणि मला वाटायचं तिला बोलताच येत नाही. बत्तिशीने सांगितलं की आधी ती खूप बोलायची. मागच्या वर्षी तिचा थोरला भाऊ तापाने गेला, त्या दिवसापासून बंद. डॉक्टर झाले, औषधं झाली, तिच्या आईने हात टेकले. त्या घरातून आवाज असा येतच नाही, म्हणून बत्तिशी तिचा आवाज विसरूनच गेली होती.

गप्पी बोलली हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून आम्ही पुन्हा जबड्यात बोटं ठेवली. सोमवारी शाळेत गप्पी नेहमीसारखी खिडकीशी बसली होती. हजेरीला हात वर केला, बस्स. आम्ही चौघी चुपचाप आपली दप्तरं उचलून शेवटच्या बाकांवर गेलो. बाईंनी विचारलं, "काय गं, काय भानगड?" त्यावर रेडिओ म्हणाली, "काही नाही." फक्त दोन शब्द! बाईंना तिचीच जास्त काळजी वाटली. मधल्या सुट्टीत गप्पीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती, मावशी, आणि मला त्या जबड्यांपेक्षा त्या पाहण्याची भीती वाटली.

असो. इकडची काळजी नसावी. बाबांचा नमस्कार, धाकट्याचा (जबरदस्तीने) नमस्कार.

तुझी भाची,
नवी

ता. क. आई म्हणते तू येत्या शनिवारी आमच्याकडे मुक्कामाला येणार आहेस. कृपा करून येऊ नकोस. शनिवारी मैत्रिणी आमच्या घरी राहायला येणार आहेत, आणि अडचण अशी आहे की तू वारली आहेस. ती जवळची नातेवाईक तूच. रागावू नकोस, घरातल्या सगळ्यांत तूच इतकी दणकट आहेस की तुला मारताना मला सगळ्यांत कमी भीती वाटली. मरण मी अगदी छान दिलं आहे, झोपेत, कसलाही त्रास नाही. तुझा फोटो आमच्या भिंतीवर आहे, परवा घरी आली तेव्हा त्याकडे बघून रेडिओ आधीच रडली आहे. आणि शपथ मोडून तुला हे सगळं कसं लिहिलं असं विचारशील, तर शपथ जिवंत माणसांपुरती होती. तू त्यात बसत नाहीस.

आणखी ता. क. पाकीट मिळालं नाही म्हणून पत्र पडून राहिलं, ते एका अर्थी बरंच झालं. काल दुपारी मी एकटीच बत्तिशीकडे गेले. तिचे बाबा (दातांसकट) बाहेर गेले होते. मी स्टुलावर चढले आणि जाळीला तोंड लावून म्हटलं, "ऐक. माझी मावशी मेलेली नाही. मी खोटं बोलले."

पलीकडे काहीतरी सरकलं. मग अगदी जवळून आवाज आला, "माहीत आहे."

"कसं काय?"

"तू म्हणालीस ती पुष्कळ बोलते. मेलेली माणसं बोलत नाहीत गं. मी वर्षभर ऐकतेय."

"मग मला विचारलंस कशाला?"

"म्हटलं, एखादी बोलत असली तर."

मग मी विचारलं की तू बोलत का नाहीस. ती म्हणाली, "मी बोलत बसले आणि नेमकी तेव्हाच त्याने हाक मारली तर?"

मावशी, मी जाळीला कान लावून पाहिला. शेवटी म्हटलं, आपण पाळी लावू. तू बोल, तेवढा वेळ मी ऐकते. त्याने हाक मारली तर लगेच सांगेन. तिने विचार केला, आणि मग ती बोलायला लागली. दादाबद्दल, दादाच्या सायकलबद्दल, वर्गातल्या प्रत्येकीबद्दल. (माझी चाल बदकासारखी आहे म्हणे.) वर्षाचं साठलेलं होतं. मी एक कान तिच्याकडे दिला आणि एक तिच्यामागे. एकदा वाटलं, काहीतरी आलं. पोकळीच्या तळातून, हळू. कबुतर असणार. मी तिला सांगितलं, "कबुतर." ती म्हणाली, "हो, तेच असतं," आणि पुढे बोलू लागली.

तिची आई कामावरून कधी आली ते आम्हाला कळलंच नाही. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला, मग गप्पीचा, अगदी रोजच्यासारखा, "अगं आई, रडतेस काय? पाणी दे, घसा सुकला." मी हळूच स्टुलावरून उतरले. तिथे जास्त ऐकणं बरं दिसलं नसतं.

शेवटचा ता. क. शनिवारी तू नक्की ये. वरचं खोडून नव्याने लिहीत नाही, कारण कागद संपला आहे. गप्पीही येणार आहे आणि तिला तुला बघायचंय. म्हणाली, "मेलेलं माणूस जिवंत निघालेलं मी अजून पाहिलं नाही." बाकीच्या तिघींना मी काही सांगितलेलं नाही. गप्पीने सांगू दिलं नाही, आता हे आमच्या दोघींचं गुपित आहे. तेव्हा अंधार पडल्यावर ये, फिकट रंगाचे कपडे घाल, घंटी वाजवू नकोस आणि सावकाश चाल. दार गप्पीच उघडेल. आतून किंकाळ्या आल्या तर परत फिरू नकोस, सरळ येऊन माझ्या पायथ्याशी बस.