अंगारकीची शुगर

रविवार, ३
साठेकाका, शनिवार पेठ, वय ६४. सकाळी छातीत कळ, रिक्षाने थेट आमच्या हार्ट वॉर्डात. अ‍ॅटॅक मोठा, शुगर ३१२. ऑक्सिजनच्या नळीतूनही मला ऐकवलं की पेढा खाऊन वीस वर्षं झाली, मधुमेह कसला. धक्क्यानेही शुगर चढते. पण चढलेली ठेवून हृदयाचं भलं होत नाही. इन्शुलिन सुरू.

सोमवार, ४
काकांचा मुलगा हिंजवडीत, नुकताच अमेरिकेहून आलाय. बोटातून शुगर बघायचं मशीन आणलंय. लॅबचा रिपोर्ट दोन तासांनी येतो, हे मिनिटभरात सांगतं. मी सारखं बोट टोचते. डॉ. सागर, आमचे नवे, हसले. ‘सिस्टर, बोटांची चाळण करणार का?’ करेन. संध्याकाळी १९०. जेवण सुरू.

मंगळवार, ५, अंगारकी
दुपारी जेवणाआधीचं इन्शुलिन दिलं. नंतर ताट रिकामं दिसलं, मी ‘जेवले’ लिहून मोकळी. दोनला काका घामाने निथळत, बोलणं असंबद्ध. डॉ. सागर म्हणाले दुसरा अ‍ॅटॅक, ईसीजी काढा. ते वायरी लावेपर्यंत मी बोट टोचलं. ३८!
शिरेतून ग्लुकोज. काही मिनिटांत काकांनी डोळे उघडले. ‘सिस्टर, हे उपासाला चालतं ना?’
तेव्हा उलगडलं. नवराबायकोचा गुपचूप उपास, आणि अन्न वाया नको म्हणून काकूंनी सगळं डब्यात भरलेलं. विचारलं नाही ही चूक माझीच. पण माणूस माझ्या हातून वाचला! वर्ध्याला आईला फोन केला. तिला निम्मं कळलं नाही, तरी रडली.

शुक्रवार, ८
मोठ्या सरांनी राउंडला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. शिवाय नियम: हार्टच्या प्रत्येक पेशंटची शुगर बोटातून, आणि जेवलात का ते पेशंटलाच विचारायचं. डॉ. सागर माझ्याकडे मशीन शिकायला आले. दोनदा चुकले. फार बरं वाटलं.

सोमवार, ११
काका घरी निघाले, स्वतःच्या पायांनी. मधुमेह खरा की धक्क्याचा, पुढच्या तपासणीत कळेल. मी काकूंना मशीन शिकवत होते. काका बोट पुढे करेनात, म्हणून काकूंनीच आपलं केलं. ‘अहो, बघा, दुखत नाही.’
२७४. पुन्हा टोचलं, २७१.
काकू म्हणाल्या मशीन बिघडलं असेल. मी म्हटलं, उद्या उपाशीपोटी या, लॅबला रक्त देऊ. काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि काकूंचा हात धरला.