तो हात कुणाला केला होता?

अहो पूजाचे पप्पा,

तुमचा फ्लेक्स उतरवून घरी आणलाय. वर्षश्राद्धाचा म्हणून तुमच्या दोस्तांनी फाट्यावर लावला होता. मी स्वतः स्टुलावर चढून दोऱ्या कापल्या, गुंडाळी केली आणि कपाटामागं उभा करून टाकला. सगळ्यांना वाटतंय वैनीचं डोकं फिरलं. फिरलंच आहे! म्हणून तर लिहायला बसले. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरला तो दुकानदारांच्या चिठ्ठ्या लिहायला. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. आज नावं मी ठेवणार आहे.

काय फोटो निवडला होता तुमच्या लोकांनी! पुतण्याच्या लग्नातला. गाडीवर बसलेले, दात काढून हसायले, उजवा हात वर. खाली लिहिलं होतं, 'सर्वांना हात करणारा आपला माणूस.' ज्या हातापायी माणूस गेला तोच हात छापून फाट्यावर टांगायचा? सलीमभाईला फोन लावून झापलं. बादल्या-घागरी गाडीला बांधून गावोगाव विकणारा तुमचा जिगरी, तो काय म्हणतो? "वैनी, दुसरा फोटोच न्हाई सापडला. सगळ्या फोटोत त्यांचा हात वरच हाय."

खरं बोलला. म्हणून जास्तच राग आला.

लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या मागं बसले ते आठवतंय का? दुकानोदुकानी पोचवायच्या खारी-टोस्टच्या पेट्या उतरवल्या तेव्हा कुठं मला जागा मिळाली. लातूर सोडल्यापासून चाकूर येईपर्यंत तुमचा हात खाली म्हणून आला नाही. मी विचारलं, "कोण होते ते?"

"कोण जाणे."

"मग हात कशाला केला?"

"त्यानं केला म्हणून."

"आणि त्यानं कशाला केला?"

"मी केला म्हणून. गप बस की आता!"

गप बसले. तिथंच चुकलं.

पुढं तुमचे सगळे कायदे मला पाठ झाले. ओळखीचा असला तर पूर्ण पंजा. अनोळखी असला तर मुठीवरून नुसतं बोट उचलायचं. म्हातारं माणूस दिसलं की गाडी हळू करून हात छातीला. कडेला कुणाची गाडी उभी दिसली की "काय झालं? पेट्रोल?" असं विचारल्याबिगर पुढं जायचं नाही. बंद पडलेल्या गाडीला मागून पाय लावून गॅरेजपर्यंत ढकलत न्यायचं, आणि त्या माणसाचं नावसुद्धा विचारायचं नाही. दिवसा कुणाचा लाईट चालू दिसला की बोटांची उघडझाप. आताच्या गाड्यांचा लाईट बंदच होत नाही, पूजानं दहादा सांगितलं, तरी तुमची उघडझाप चालूच! अनोळखी बाईला मात्र हात करायचा नाही. केलाच तर एवढ्यासाठीच, की तिच्या गाडीचं स्टँड खाली राहिलंय नाहीतर पदर चाकात चाललाय.

आणि हात करायचा तो उजवाच! मी किती वेळा म्हणलं, डावा उचला, उजव्यात रेस आहे, ब्रेक आहे. तुम्ही काय म्हणायचे? "डाव्या हातानं कुणी राम राम करतं का? समोरच्याचा अपमान होतो." समोरच्याचा! जो भुर्रकन निघून गेला, ज्याला तुमचं तोंड दिसलं न दिसलं, त्याचा अपमान! आणि मागं बसलेल्या बायकोचा जीव? तो काय भाड्यानं आणला होता?

एवढ्या वर्षांत मला कुणी हात केला का, सांगा. सलीमभाई समोरून यायचा. तो तुम्हाला 'राम राम' ओरडायचा, तुम्ही त्याला 'सलाम'. मी मागं पेटीसारखी. हात म्हणजे गाडीवाल्यानं गाडीवाल्याला करायचा. मागची बाई म्हणजे सामान.

पण हे सगळं मी गिळलं असतं. हेल्मेटचं गिळत नाही.

पूजानं पहिल्या पगारातून आणलं होतं. तुम्ही घातलं, आरशात पाहिलं, लेकीला "लई भारी" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी काढून पेटीला अडकवलं. मी ओरडले तर म्हणे, "अगं, हे घातलं तर मला ओळखणार कोण? लोक हात करतील, मला पत्ता लागायचा न्हाई. म्हणतील, माणूस माजला." माजला म्हणतील! या एका भीतीनं माणसानं डोकं उघडं ठेवलं. अहो, वाघाला नाही, मरणाला नाही, 'माजला' या शब्दाला घाबरलात तुम्ही!

ते हेल्मेट घरी आलं तेव्हा त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. नुसता खारीचा चुरा होता.

चाकूरच्या अलीकडं, सकाळच्या लख्ख उजेडात, मोकळ्या रस्त्यावर. बैल घेऊन निघालेल्या एका माणसानं लांबून पाहिलं. तो म्हणाला, "त्यांनी हात वर केला, पुढचं चाक कडेच्या खड्ड्यात गेलं, आन् पडले ते उठलेच न्हाईत." समोरून कुणीतरी गाडीवर गेलं एवढंच त्याला दिसलं होतं. बाप्या का बाई, तेही सांगता येईना.

दहाव्याला आपल्या अंगणात गाड्याच गाड्या. दूधवाले आले, मास्तर आले, बँकेचे हप्ते गोळा करणारे आले. ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नव्हती ते रडत होते. जो तो म्हणायचा, "मला रोज हात करायचे." मी एकेकाला पुढं घेऊन विचारलं, "त्या दिवशी केला होता का? तूच होतास का तो?" एकही हो म्हणाला नाही. पूजा मला आत ओढून म्हणाली, "आई, पोलिसासारखं काय विचारायलीस?" मग कसं विचारू? मला दुसरं काय विचारायचं होतं?

वर्षभर तो एकच प्रश्न डोक्यात घेऊन फिरले. ज्याला तुम्ही शेवटचा हात करून गेलात, तो थांबला का नाही? मागं आवाज आला असेल, वळून बघावं वाटलं नाही? जिंदगीभर तुम्ही रस्त्यावर थांबलात आणि तुमच्यासाठी थांबायला एक माणूस निघाला नाही? हीच का तुमची दोस्ती? रस्त्यावर इमान असतं म्हणायचात, ते हेच का?

दुकानांना खारी टाकायची तुमची लाईन आता मी धरलीय, ठाऊक नसेल तर सांगते. पूजानं स्कूटी शिकवली. तुमचंच हेल्मेट घालते, जरा ढिलं होतं, पट्टा आवळून घेते. पेट्यांवरून लोक ओळखतात आणि हात करतात. मी करत नाही. सलीमभाई एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला, "वैनी, लोक म्हणायले, वैनीला गर्व आला."

मी म्हणलं, "म्हणू दे. गर्वानं कुणी मरत नाही, हातानं मरतं."

चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले.

आणि मग फ्लेक्स लागला, आणि दोन दिवसांनी ती आली.

दुपारी भांडी घासत होते. दारात स्कूटी थांबली. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली बाई, नुसते डोळे दिसायले. म्हणाली, "मावशी, फाट्यावर ज्यांचा फोटो आहे ते काका तुमचेच का?"

"हाव. काय काम आहे?"

तिनं स्कार्फ सोडला. पूजापेक्षा थोडी मोठी असेल. म्हणाली, "ते काका मला हात करत नव्हते मावशी. माझ्या गाडीचं स्टँड खाली होतं. ते दाखवत होते."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं पातेलं खाली पडलं.

तिनं सगळं सांगितलं. शिलाईच्या क्लासला रोज जाते. नवऱ्यानं स्कूटी घेऊन देतानाच बजावलं होतं, रस्त्यात कुणी छेड काढली असं कानावर आलं तर गाडी बंद. म्हणून समोरून कुणी हात केला की ती बघतच नाही, रेस वाढवते. त्या दिवशीही वाढवली. पुढं वळणावर स्टँड जमिनीला घासलं, गाडी आडवी होता होता वाचली, पाय टेकवून कशीबशी सावरली. तेव्हा तिला कळलं, तो माणूस काय दाखवत होता. पण तोवर तुम्ही लांब मागं राहिला होता. दुसऱ्या दिवशी कानावर आलं, खारीवाला गेला. "तो हा नसेल, तो हा नसेल" असं वर्षभर स्वतःला सांगत राहिली. फ्लेक्सवर तुमचा वर केलेला हात पाहिला आणि तिथंच गाडी थांबवली.

मी विचारलं, "ओरडत होते का काही?"

"ओरडत होते. पण कानावर स्कार्फ होता. मला वाटलं, काही घाण बोलत असतील."

घाण! तुम्ही! ज्यानं शेजारणीशी बोलतानासुद्धा कधी नजर वर केली नाही!

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारची येऊन दारातून डोकावून गेली एवढं बोलले. शेवटी म्हणाली, "मावशी, माफ करा मला."

मी म्हणलं, "माफी राहू दे. गाडी दाखव."

बाहेर येऊन तिच्या स्कूटीचं स्टँड पायानं वर केलं. आपोआप खाली आलं. परत वर केलं, परत खाली. स्प्रिंग गेलेली! अहो, माणूस मेला, वर्ष झालं, आणि बाई त्याच ढिल्या स्टँडवर गाडी चालवायली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रडायला आलीस माझ्या दारात आणि एक स्प्रिंग बदलता आली नाही तुला?"

म्हणाली, "गॅरेजला गेले तर घरी विचारतील, कशानं खराब झालं, कुठं पडलीस. आणि मग..."

मी तिचं मनगट धरलं आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडं नेलं. स्प्रिंग बसेपर्यंत तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मिस्त्री म्हणाला, "कोण पाहुण्या, मावशी?"

"रस्त्यात भेटली. तू तुझं काम कर."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं नाही बघितलं. बघितलं असतं तर एक तर मारलं असतं नाहीतर मिठी मारली असती, आणि मला दोन्ही करायचं नव्हतं.

रात्री मात्र राग दुसरीकडं वळला. ती चुकली, पण उगाच चुकली नाही. पूजा कॉलेजला जायची तेव्हा तिलाही हात करणारे होते, मागं मागं घरापर्यंत येणारे होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं आम्ही. तुम्हाला वाटायचं, रस्त्यावर सगळे हात तुमच्यासारखेच. या टवाळांनी हात असा नासवून ठेवलाय, की चांगला हात कोणता हे बाईनं ओळखायचं कसं? त्यांच्या नासक्या हातांची सजा तुमच्या हाताला झाली. त्यातला एकही तुमच्या दहाव्याला आला नसेल कशावरून? दारात रडणाऱ्यांत एखादा नसेलच कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन फ्लेक्स उतरवला. तुमच्या दोस्तांना सांगितलं, फोटो आवडला नाही. खरं कारण वेगळं आहे. तिला रोज त्याच रस्त्यानं जायचंय. रोज तुमच्या हाताखालून का जावं तिनं?

आता शब्द देते. तिचं नाव, तिचं गाव मी कुणाला सांगणार नाही. सलीमभाईनं कुराणाची शपथ घालून विचारलं तरी नाही, पूजालाही नाही. कळलं तर लोक तिच्या दारात जातील, घरचे स्कूटी काढून घेतील, क्लास सुटेल, आणि एवढं सगळं होऊनही तुम्ही काही परत येणार नाही. कुणी विचारलं, वैनी, तो हात कुणाला केला होता, तर सांगीन, ठाऊक नाही. खोटं बोलीन. तुमच्यापायी नाही, तिच्यापायी.

तुम्हाला मात्र माफी नाही. स्टँड दाखवलं त्याचा राग नाही, ते तर मीही दाखवलं असतं. पण लेकीनं आणलेलं हेल्मेट डोक्यावर असतं तर आज तुम्ही इथं बसून त्या बाईला म्हणाला असता, "काय बाई, किती ओरडलो मी!" आणि मी तिला चहा केला असता. त्या दिवशी तिला चहा विचारायचं राहूनच गेलं.

मी येईन तिकडं, आज ना उद्या. कुठल्यातरी रस्त्यावर तुम्ही दिसालच, गाडीवर. तेव्हा लांबून हात करू नका. गाडी थांबवा, खाली उतरा आणि माझ्याशी बोला.

मागच्या सीटवरची,
मंगल