नकाराच्या रकान्यात बाबा

प्रिय छोटे,

तुझा अहवाल वाचला. वाचता वाचता चहा गार झाला आणि डोकं तापलं. 'सेंद्रिय शेतीकडे वळण्याबाबत शेतकऱ्यांची मानसिकता प्रतिकूल.' मानसिकता म्हणे! तीन दिवसांत साठ घरं फिरलीस, प्रत्येकाला हो की नाही एवढंच विचारलंस, आणि आमच्या मनात काय आहे ते तुला कळलं?

आपल्या घरी आलीस तेव्हाही हातातला फॉर्म खाली ठेवला नाहीस. पायरीवर बसून सख्ख्या बापाला विचारलंस, "आपण रासायनिक औषधं सोडायला तयार आहात का?" ते 'आपण' ऐकून मला हसू फुटलं होतं. बाबा हसले नाहीत. "नाही," म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. तू नकाराच्या रकान्यात खूण केलीस आणि शेजारचं घर गाठलंस.

माझ्या नावापुढे लिहिलंस, 'प्रयत्न केला, सोडला.' का सोडला ते लिहायला तुझ्या फॉर्मात जागाच नव्हती. मग आता ऐक. दोन वर्षं मी विहिरीकडच्या पट्ट्यात एक थेंब फवारला नाही. सकाळी उठून कोबीवरच्या अळ्या हाताने वेचल्या, पाट्या भरभरून शेणखत वाहिलं. पहिल्या वर्षी निम्म्या गड्ड्यांची चाळणी झाली. व्यापारी म्हणाला, "भोकं पडलेला माल मी कुणाच्या गळ्यात मारू?" दुसऱ्या वर्षी गड्डे चांगले भरले, तर तपासणीत औषधाचा अंश निघाला. शेजारच्या काकू फवारत होत्या, ते वाऱ्याने माझ्या रानात आलं. तुझ्याच शेतकी ऑफिसातल्या साहेबांनी सेंद्रिय प्रमाणपत्रासाठीचा माझा अर्ज परत केला आणि वर म्हणाले, "वाऱ्याला आम्ही काय करणार?" काय करणार! वारा जणू मीच सोडला होता.

तणतणत काकूंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला फवारायला कुणी शिकवलं, घरी जाऊन विचार."

तू तेव्हा फार लहान होतीस. गावात फवारणीचा पहिला पंप बाबांनी आणला. बाटलीच्या झाकणाने औषध मोजायचे, उघड्या हाताने बादलीत ढवळायचे आणि बांधाबांधावर जाऊन दाखवायचे. लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे, आणि ते खूशही व्हायचे. आज त्यांचे हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं मी लावते. काकूंच्या नवऱ्याचंही तसंच झालंय. दवाखान्यात म्हणतात, नक्की कशामुळे ते सांगता येत नाही. बाबांनी मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलंय.

त्या दिवशी तू गेल्यावर मी त्यांच्यामागे गोठ्यात गेले. वासराच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "हो म्हणालो असतो, तर इतकी वर्षं मी गावाला काय शिकवलं, तेही सांगावं लागलं असतं. कुठल्या तोंडाने सांगू, पोरी?" याला तू मानसिकता म्हणतेस? अगं, जरा थांबली असतीस तर तुलाही ऐकू आलं असतं!

काल तुझं आमंत्रण आलं. अहवालाला पुरस्कार मिळालाय, शनिवारी समारंभ आहे, आम्ही दोघांनी पहिल्या रांगेत बसायचं. आम्ही येणार नाही, हे कळवायला हे पत्र. रुसून नाही. त्याच सकाळी बाबांनी काकूंना आणि आपल्या रानाला लागून असलेल्या सगळ्यांना घरी बोलावलंय. सगळ्यांनी मिळून एक हंगाम फवारणी बंद ठेवायची का, ते विचारायला. पण त्याआधी त्यांना स्वतःची चूक कबूल करायची आहे. कालपासून एकटेच बोलून बघतायत. "माझं चुकलं" इथपर्यंत येतात आणि आवाज बसतो. शनिवारी बसला, तर पुढचं मी बोलेन. तू पुरस्कार घ्यायला जा, नाहीतर इकडे ये. त्यांना मी काही विचारलेलं नाही, पण काल त्यांनी अंगणात खुर्च्या मांडून पाहिल्या, तेव्हा एक जास्तीची होती.

रागावलेली, तरीही तुझीच,
ताई