उजवीकडची खुर्ची

...आणि चष्मेवाले माझ्या कवितेच्या चौथ्या ओळीवर पोचले, तेव्हा त्यांची बायको तिसऱ्या रांगेत उठून उभी राहिली होती.

पण मावशी, नमस्कार राहिलाच. तो आधी घे. गुडघा कसा आहे? लेकीकडच्या जिन्याची आता सवय झाली असेल. (झाली, असं तू कळवशील. मी विश्वास ठेवीन.) आम्ही इकडे मजेत आहोत. कविता मंडळ उत्तम चाललं आहे, तुझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही आणि या पत्राला खास कारण असं काही नाही. काल संध्याकाळी वाचनालयात जे झालं ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून गेलेलं बरं, इतकंच.

ग्रंथपालांना एकाएकी स्थानिक कवींचा पुळका आला आहे. (वरून काहीतरी आदेश आला असणार, एरवी ते आपल्याला ‘जरा हळू बोला’ यापलीकडे काही बोललेले नाहीत.) त्यांनी मागच्या खोलीत स्थानिक लेखकांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं आहे. केंद्र म्हणजे एक टेबल, एक स्टेपलर आणि शेवटची पानं गळालेला शब्दकोश. शिवाय स्थानिक लेखकांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. ते दाराच्या मागे ठेवलं आहे, म्हणजे दार उघडलं की कपाट झाकलं जातं, आणि ते दार फुगल्यामुळे बंद होत नाही. आपल्या मंडळाचा संग्रह तिथेच आहे. गणिताच्या बाई दर महिन्याला दाराआड शिरून तो घरी नेतात आणि परत आणून ठेवतात. कुणीच नेलं नाही तर पुस्तक रद्दीत जातं म्हणून. मागच्या वेळी मी विचारलं, बाई, वाचता का? त्या म्हणाल्या, “पाठ आहे रे. नुसतं फिरवून आणते.”

तर या केंद्राच्या उद्घाटनाला आपल्या मंडळाचं काव्यवाचन ठेवलं होतं. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं (बाहेर ऊन होतं आणि आत पंखे). आम्ही नेहमीसारखे ओळीने बसलो आणि नेहमीसारखं वाचायला लागलो, म्हणजे तुझ्या नियमाने: कवीने आपली कविता स्वतः वाचायची नाही, उजवीकडे बसलेल्याने वाचायची. स्वतः वाचलं की कवितेत जे नाही ते माणूस गळ्यातून भरून काढतो, असं तू म्हणायचीस. इतकी वर्षं असं वाचून आम्हाला वाटायला लागलं होतं की जगात सगळीकडे असंच वाचतात. त्यामुळे हे लोकांना सांगायला हवं, असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तू गेल्यापासून माझ्या उजवीकडे चष्मेवाले बसतात. माणूस सज्जन आहे. पण कविता ते आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासारखी वाचतात. वरची ओळ मोठ्याने, पुढची त्याहून हळू, आणि शेवटच्या ओळी नुसते ओठ हलवून. काल मात्र समोर माइक होता. ‘तू गेलीस आणि माझी उजवी बाजू गार पडली’ हे अगदी मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

“थांबा जरा,” त्यांची बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट. “मी डावीकडे झोपते. उजवीकडे भिंत आहे. गेली ती कोण?”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला (अडचणीत आले की ते समोरचं दिसेनासं करून घेतात) आणि म्हणाले, “मला काय माहीत, मी फक्त वाचतोय.” याहून घातक उत्तर मला आजही सुचत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, वहिनी, पूर्ण तर होऊ द्या. गणिताच्या बाई उभ्या राहून तुझा नियम सिद्धांतासारखा समजावू लागल्या. बाकांवरची माणसं माना वळवून वळवून बघत होती. शेवटी मी उठलो आणि कविता माझी आहे म्हणालो.

वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझ्यासाठी दोन स्थळं आणली होती, ती मी टाळली होती. सगळा हिशोब जुळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “अस्सं. मग तुमची कोण गेली?”

मी म्हणालो, मावशी.

मग जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. ग्रंथपाल माइकसमोरच हसत होते. मीही हसलो. हसू ओसरलं तेव्हा पुढच्या कवीचं नाव पुकारलं गेलं होतं. माझ्या उरलेल्या ओळी कुणी ऐकल्या नाहीत. निघताना चष्मेवाले म्हणाले, यापुढे मी येईन, पण ऐकायला, मागे बसून.

तर असं झालं. विशेष काही नाही. तब्येत जप.

तुझा भाचा

ता. क. मंडळ उत्तम चाललं आहे असं वर लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. तू गेल्यापासून मी ही एवढी एकच कविता लिहिली. माझ्या उजवीकडे आता कुणीच नाही.

पुन्हा ता. क. आत्ता सकाळी मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा वहिनी आल्या. म्हणाल्या, काल माझ्यामुळे राहिलेलं दाखवा. दाखवलं. त्यांनी काउंटरवर कोपरं टेकून सगळी कविता मोठ्याने वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत, आवाज कुठेही न बदलता. मग म्हणाल्या, “‘परत ये’, एवढंच म्हणायचंय ना? मग मावशींना तसं लिहा की.” मी म्हणालो, सविस्तर पत्र लिहिलंय. त्यांनी ते मागून घेतलं, उभ्यानेच वाचलं आणि विचारलं, “यात कुठे आहे?”

खरंच नव्हतं. मावशी, ये. एखाद्या शनिवारच्या बैठकीपुरती तरी ये.

त्या अजून समोर उभ्या आहेत. पाकीट पेटीत त्याच टाकणार म्हणतात.